चित्रपट-वितरक संघ, आद्य

चित्रपटांच्या प्रती निर्मात्याकडून घेऊन त्या चित्रपटगृहांना भाड्याने पुरविणाऱ्या व्यावसायिकांनी आपसांतील अनुचित स्पर्धेस आळा घालण्यासाठी स्थापन केलेल्या व्यापारी संघटना. अशा संघटनांपैकी पहिली महत्त्वाची संघटना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०७ मध्ये निर्माण झाली. ती प्रथम ‘युनायटेड फिल्म सर्व्हिस प्रोटेक्टिव्ह असोसिएशन’ व पुढे ‘फिल्म सर्व्हिस असोसिएशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे प्रभावी आयुष्य जेमतेम चौदा महिन्यांचे होते. तथापि चित्रपट-व्यवसायाच्या इतिहासात तिचे स्थान तिच्या आयुर्मानाच्या मानाने बरेच मोठे आहे. वितरकांनी स्वतःच्या संरक्षणासाठी उभारलेली शिस्तीची यंत्रणा निर्मात्यांच्या हाती गेली आणि तिच्याच साहाय्याने पुढे निर्मात्यांनी बहुतेक स्वतंत्र वितरकांना व्यवसायाबाहेर काढले. अनुचित स्पर्धेचे नियंत्रण कोठे संपते व मक्तेदारी कोठे सुरू होते, हा प्रश्न या प्रकरणात चित्रपट-व्यवसायापुढे प्रथमच स्पष्टपणे उभा राहिला.

पार्श्वभूमी : प्रारंभी चित्रपटाची प्रत ही विक्रीची वस्तू होती. निर्माता आपली फीत कापडाप्रमाणे लांबीवर विकी. १९०७ च्या सुमारास फुटाला साधारणतः १० ते १२ सेंट असा दर होता. म्हणजे हजार फुटांचे, सुमारे पाव तास चालणारे एक रीळ १०० ते १२० डॉलरना पडे. गावोगाव फिरणाऱ्या खेळवाल्यास हा खर्च परवडत असे, कारण त्याचा प्रेक्षक रोज बदलत असे. एकाच जागी खेळ करणाऱ्यास मात्र तीच फीत आठवड्यानंतर निरुपयोगी होई. आपली जुनी फीत देऊन दुसऱ्याची घ्यावी, ही अदलाबदलीची कल्पना यातूनच पुढे आली असावी. भाड्याने फिती पुरविणाऱ्या संस्थांना अमेरिकेत ‘एक्स्चेंज’ हे नाव पडले, त्याचे मूळ या अदलाबदलीत आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील माइल्स बंधूंनी १९०२–०३ च्या सुमारास सुरू केलेली भाडेसंस्था या प्रकारच्या सर्वांत आधीच्या संस्थांपैकी एक मानली जाते.

या नव्या व्यवसायास खरी चालना मिळाली ती ‘निकेलोडियन’ या स्वस्त चित्रपटगृहांमुळे. जून १९०५ मध्ये हॅरी डेव्हिस व जॉन पी. हॅरिस यांनी पिट्सबर्ग येथील स्मिथफील्ड मार्गावर केवळ पाच सेंट प्रवेशमूल्य असलेले चित्रपटगृह उघडले. पाच सेंटच्या नाण्याचे ‘निकेल’ हे नाव व नाट्यगृहवाचक ‘ओडियन’ हा शब्द यांच्या संयोगाने त्याचे नाव बनले. पुढील दोन-तीन वर्षांत अशी हजारो गृहे देशभर निघाली. दुकानाचा गाळा, काही खुर्च्या, एक पांढरा पडदा व एक प्रक्षेपक एवढ्या भांडवलावर ती चालत. त्यांतील कार्यक्रम आठवड्यातून अनेकदा, काही ठिकाणी तर रोज बदले. इतक्या फिती विकत घेणे कोणाही मालकास शक्य नव्हते. त्यामुळे निर्माता आणि प्रदर्शक यांच्यामध्ये भाडेसंस्था अपरिहार्य बनली. १९०७ अखेर अशा शंभराहून अधिक संस्था अमेरिकेत व्यवसाय करीत होत्या व त्यांतील अनेक महत्त्वाच्या शिकागो शहरात होत्या.

अनुचित प्रथा : भाडेसंस्थेचा व्यवहार वरकरणी सोपा दिसे. एकदा फीत विकत घेतली की ती कोणाला, किती वेळा व काय भाड्याने द्यावी, याबाबत तिच्यावर कोणाचेच बंधन नव्हते. हेच तिचे दुखणे होते. फितीचे मोल नाशवंत मालाप्रमाणे दिवसागणिक घटे. पहिल्या दिवशी दाखविण्याच्या फितीस भरपूर भाडे मिळे, महिन्याभराने तीच फीत दूरच्या गावातील लहान गृहास नाममात्र भाड्याने द्यावी लागे. प्रतीची किंमत आधीच भरलेली असल्याने तिच्यावर मिळेल ते भाडे पदरात पाडून घेण्याकडे प्रत्येकाचा कल असे. एका संस्थेने दर उतरविला की शेजारच्या संस्थेस तो उतरवावाच लागे. परिणामी मोठ्या शहरांत गळेकापू स्पर्धा सुरू झाली आणि नव्या फिती विकत घेण्याइतका पैसाही अनेक संस्थांना सुटेनासा झाला.

मग उरलेला मार्ग म्हणजे जुन्याच फिती पुनःपुन्हा फिरविणे. अशा फितींवरील द्रवाचा थर खरवडला जाऊन पडद्यावर उभ्या रेघा उमटत; प्रेक्षक त्याला पाऊस म्हणत. काही संस्था एका फितीवरून चोरून दुसरी प्रत काढीत. वस्तुतः या चोरीची परंपरा निर्मात्यांनीच घालून दिली होती. जॉर्ज मेलिएस यांच्या ए ट्रिप टू द मून (१९०२) या फ्रेंच चित्रपटाच्या अनधिकृत प्रती अमेरिकन कंपन्यांनी सर्रास विकल्या आणि त्यांत एडिसन यांची कंपनीही होती. तिला आळा घालण्यासाठी मेलिएस यांचे बंधू गास्ताँ यांना १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे शाखा उघडावी लागली. त्याच वर्षी एडिसन विरुद्ध लूबिन या खटल्यात संपूर्ण फितीची एक छायाचित्र म्हणून नोंद करून तीवर प्रकाशनहक्क घेता येतो, असा अपील-न्यायालयाने निर्णय दिला. परंतु नोंदणी न झालेल्या फितींना, विशेषतः परदेशी चित्रपटांना, त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

पोटभाड्याची पद्धतही बरीच बोकाळली होती. भाड्याने घेतलेली फीत एखादी छोटी संस्था परस्पर दुसऱ्यास भाड्याने देई व तिच्यावर खरे भाडे भरणाऱ्या संस्थेपेक्षा कमी दराने गिऱ्हाईक मिळवी. प्रदर्शकही मागे नव्हते. एकाच भाड्यात घेतलेले रीळ एका गृहात चालू असतानाच ते संपताक्षणी सायकलवरून दुसऱ्या गृहात धाडले जाई. या प्रकाराला व्यवसायात ‘सायकलिंग’ हेच नाव होते. एकाच रस्त्यावरील दोन गृहांना एकच फीत ‘प्रथम प्रदर्शन’ म्हणून देण्याचे आश्वासन देणे, हा भाडेसंस्थांचा आणखी एक उद्योग होता. त्यातून प्रदर्शकांत होणाऱ्या भांडणांचे पडसाद तत्कालीन व्यापारी साप्ताहिकांत उमटलेले दिसतात.

संघाची स्थापना : या परिस्थितीवर उपाय योजण्यासाठी भाडेसंस्थांचे चालक नोव्हेंबर १९०७ मध्ये पिट्सबर्ग येथे एकत्र आले. डिसेंबरमध्ये शिकागो येथे भरलेल्या बैठकीत ‘युनायटेड फिल्म सर्व्हिस प्रोटेक्टिव्ह असोसिएशन’ची घडी बसविण्यात आली आणि फेब्रुवारी १९०८ मधील बफालो येथील अधिवेशनात तिचे ‘फिल्म सर्व्हिस असोसिएशन’ असे नामांतर झाले. प्रती चोरून न काढणे, पोटभाड्याने फीत न देणे, झिजलेल्या फिती प्रचारातून काढून घेणे आणि ठरलेल्या किमान दराखाली भाडे न आकारणे, ही तिची प्रमुख उद्दिष्टे होती. यांतील पहिल्या तिन्हींबाबत प्रामाणिक व्यावसायिकांत दुमत असण्याचे कारण नव्हते. चौथे उद्दिष्ट मात्र वेगळ्या जातीचे होते. चोरी व फसवणूक थांबविणे ही एक गोष्ट आणि सर्वांनी मिळून किंमत ठरविणे ही दुसरी. व्यापारास निर्बंध घालणाऱ्या संगनमताविरुद्धचा शर्मन कायदा १८९० पासूनच अमलात होता. तथापि उभय गोष्टी अनुचित स्पर्धा या एकाच शीर्षकाखाली बसविण्यात आल्या आणि त्या काळी सभासदांना त्यात विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

केवळ परस्परांच्या शब्दावर असा संघ टिकला असता का, याबद्दल शंकाच आहे. त्याला बळ मिळाले ते दुसऱ्या बाजूने. टॉमस एडिसन यांच्या कंपनीने कॅमेऱ्यावरील आपल्या एकस्वाच्या म्हणजेच पेटंटच्या आधारे प्रतिस्पर्ध्यांवर वर्षानुवर्षे खटले चालविले होते. ऑक्टोबर १९०७ मध्ये शिकागो येथील न्यायालयाने सेलिग यांच्याविरुद्धच्या खटल्यात एडिसन यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा बहुतेक निर्मात्यांनी लढण्याऐवजी एडिसन यांच्याकडून परवाना घेणे पसंत केले. व्हायटाग्राफ, सेलिग, लूबिन, एसने, केलम, पाते व मेलिएस या कंपन्या वापरलेल्या फितीच्या लांबीनुसार स्वामित्वशुल्क देण्यास तयार झाल्या. निर्मात्यांनाही प्रतींची चोरी व दरकपात यांचा उपद्रव होतच होता. दोन्ही गटांचे हितसंबंध येथे जुळले. १ मार्च १९०८ पासून नवी व्यवस्था अमलात आली. तीनुसार परवानाधारक निर्माते आपल्या फिती फक्त संघाच्या सभासदांना देणार आणि सभासद फक्त परवानाधारक निर्मात्यांच्याच फिती घेणार, असे ठरले. नियमभंगाबद्दल निलंबन म्हणजे फितींचा पुरवठाच बंद होणे, असा त्याचा अर्थ होता. संघाच्या नियमांना यामुळे दात फुटले खरे, पण ते दात निर्मात्यांचे होते.

संघातील फूट : अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ ही कंपनी एडिसन यांच्या परवाना-योजनेबाहेर राहिली. तिच्यापाशी स्वतःच्या कॅमेऱ्याचे एकस्व होते. शिवाय प्रक्षेपकात फीत तुटू नये म्हणून तिला सैल वळसा देण्याची जी युक्ती वापरतात, तिच्यावरील ‘लेथम लूप’ नावाचे एकस्वही तिने १९०८ च्या प्रारंभी विकत घेतले. शिकागोतील जॉर्ज क्लाइन हे युरोपीय चित्रपटांचे मोठे आयातदार. एडिसन गटाच्या योजनेत परदेशी चित्रपटांना फारच संकुचित स्थान दिल्याने ते बायोग्राफला मिळाले. अशा रीतीने १९०८ मध्ये बाजारात दोन प्रतिस्पर्धी छावण्या उभ्या राहिल्या. संघाबाहेरील भाडेसंस्थांना फिती मिळण्याची सोय झाल्याने बहिष्काराचे शस्त्र बरेच बोथट झाले.

खुद्द संघातही शिस्त राहिली नाही. किमान दराचे पत्रक प्रसिद्ध झाले, तरी ते पाळले जाते की नाही हे तपासण्याचे खात्रीचे साधन कोणाजवळच नव्हते. ठरलेल्या दरात जुन्या फितीऐवजी नवी फीत दिली की पत्रकाचा भंग न करताही दर उतरविता येई. सवलत गुपचूप परत करणे तर त्याहून सोपे होते. १९०८ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे दरयुद्ध पुन्हा भडकले आणि सभासद एकमेकांवर करारभंगाचे आरोप करू लागले. या प्रसंगी दोष केवळ काही लोभी सभासदांवर टाकण्याची प्रथा आहे. ती फारशी न्याय्य नाही. ज्या व्यवसायात मालाची किंमत रोज घटते, जागेचा व नोकरांचा खर्च मात्र चालूच राहतो आणि प्रत्येक व्यवहार खाजगीत होतो, त्यात ठरीव दर पाळणारा सभासदच गिऱ्हाईक गमावून बसतो.

न्यासाचा उदय : दोन छावण्यांतील खटलेबाजी उभय पक्षांना महाग पडू लागली. १८ डिसेंबर १९०८ रोजी एडिसन व बायोग्राफ यांच्यात तडजोड होऊन ‘मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी’ कार्यान्वित झाली. कॅमेरा, प्रक्षेपक व फीत यांसंबंधीची एकस्वे तिच्याकडे एकत्र करण्यात आली आणि कोरी फीत तयार करणाऱ्या ईस्टमन कंपनीशी करार होऊन तिचा माल परवानाधारक निर्मात्यांसाठी राखून ठेवण्यात आला. जानेवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथे जमलेल्या ‘फिल्म सर्व्हिस असोसिएशन’च्या सभासदांसमोर नव्या अटी ठेवण्यात आल्या. त्या ठरविताना संघाचे मत विचारात घेण्याची गरज कोणास भासली नव्हती.

या अटींनी वितरकाच्या स्थानात मूलभूत बदल केला. यापुढे फीत त्याला विकली जाणार नव्हती; ती केवळ वापरण्यास दिली जाणार होती व ठराविक काळानंतर परत करावयाची होती. प्रत्येक भाडेसंस्थेने कंपनीकडून स्वतंत्र परवाना घ्यावा, तो अल्प मुदतीच्या सूचनेने रद्द होऊ शकेल आणि प्रदर्शकाने प्रक्षेपकाच्या वापरापोटी आठवड्याला दोन डॉलर द्यावेत व ते भाडेसंस्थेने वसूल करावेत, असे ठरले. झिजलेल्या फितींचा प्रश्न यामुळे बऱ्याच अंशी सुटला, प्रतींची चोरी कमी झाली व प्रदर्शनाच्या वेळापत्रकांत काही सुसूत्रता आली, हे मान्य केले पाहिजे. ज्या सुधारणांसाठी संघ स्थापन झाला होता, त्यांतील बऱ्याचशा प्रत्यक्षात आल्या. मात्र संघाला करण्यासारखे काही उरले नाही. वाटाघाटी करणारी संस्था म्हणून त्याचे महत्त्व संपले.

काही सभासदांनी हा बदल निमूटपणे स्वीकारला नाही. कार्ल लेम्ले यांनी एप्रिल १९०९ मध्ये परवाना सोडून दिला आणि स्वतःच चित्रपटनिर्मिती सुरू केली. जर्मनीतून आलेले व पूर्वी विस्कॉन्सिनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी केलेले लेम्ले १९०६ मध्ये निकेलोडियनचे मालक म्हणून या धंद्यात शिरले होते. विल्यम स्वॉन्सन हे शिकागोतील दुसरे मोठे वितरकही त्याच वर्षी बाहेर पडले. १९१२ मध्ये या स्वतंत्र गटातील काही कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘यूनिव्हर्सल’ ही कंपनी निर्माण झाली.

परवानाधारक म्हणून राहिलेल्यांची गत याहून वाईट झाली. एप्रिल १९१० मध्ये पेटंट्स कंपनीच्या घटक निर्मात्यांनी ‘जनरल फिल्म कंपनी’ ही स्वतःची वितरणसंस्था काढली व एकामागून एक भाडेसंस्था विकत घेण्यास प्रारंभ केला. विकण्यास नकार देणाऱ्यास परवाना रद्द होण्याची भीती होतीच. १९१२ च्या प्रारंभापर्यंत पन्नासहून अधिक संस्था तिच्या ताब्यात आल्या. न्यूयॉर्क येथील विल्यम फॉक्स यांची ‘ग्रेटर न्यूयॉर्क फिल्म रेंटल कंपनी’ ही एकच महत्त्वाची परवानाधारक संस्था शेवटपर्यंत अडून राहिली. फॉक्स यांच्या तक्रारीनंतर केंद्रीय न्यायखात्याने ऑगस्ट १९१२ मध्ये शर्मन कायद्याखाली पेटंट्स कंपनीवर खटला भरला. १ ऑक्टोबर १९१५ रोजी पेनसिल्व्हेनियातील जिल्हा न्यायालयाने तिचे करार बेकायदेशीर ठरविले. एकस्वांच्या संरक्षणासाठी जेवढे आवश्यक, त्याच्या कितीतरी पलीकडे हे करार गेले आहेत, असे न्यायालयाचे मत पडले. परवान्याचा प्रक्षेपक वापरणाऱ्याने परवान्याच्याच फिती दाखवाव्यात, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये यूनिव्हर्सलविरुद्धच्या खटल्यात अवैध ठरविली. निकाल लागेपर्यंत न्यासाची शक्ती दीर्घ कथापट व नवे निर्माते यांच्यामुळे आधीच ओसरली होती.

नंतरच्या संघटना : ब्रिटनमध्ये ‘किनेमॅटोग्राफ रेंटर्स सोसायटी’ ही वितरकांची संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली व ती अनेक दशके प्रभावी राहिली. अमेरिकेत १९२० नंतर वितरकांनी प्रमुख शहरांत ‘फिल्म बोर्ड ऑफ ट्रेड’ या नावाची मंडळे काढली. जुन्या दोन तक्रारी त्यांच्यापुढे नव्या रूपात आल्या होत्या. काही प्रदर्शक करार मोडीत आणि काही तर करार टाळण्यासाठी चित्रपटगृह दुसऱ्याच्या नावे करून मोकळे होत. यावर उपाय म्हणून सर्व वितरकांनी एकच नमुना-करार वापरावा, वाद तीन वितरक व तीन प्रदर्शक यांच्या लवादापुढे न्यावा आणि चित्रपटगृहाच्या नव्या मालकाने जुने करार न स्वीकारल्यास त्याच्याकडून तारण घ्यावे, असे नियम करण्यात आले. यांतील हेतू अगदीच गैर होता असे म्हणता येणार नाही. परंतु नोव्हेंबर १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांत हे नियम रद्दबातल केले. देशातील सुमारे ६० टक्के चित्रपट-व्यवसाय हाती असलेल्या दहा वितरकांनी एकत्र येऊन आपल्याच अटींवर व्यवहार करण्याचे ठरविले, तर समोरच्यास पर्याय राहत नाही, हा त्यामागील मुख्य विचार होता. संघटनेचा हेतू चांगला असणे हे समर्थन पुरेसे मानले गेले नाही.

भारत : यूनिव्हर्सल कंपनीने १९१६ मध्ये भारतात आपली प्रतिनिधिसंस्था सुरू केली. हॉलिवुडमधील कंपनीची ती येथील पहिली संस्था होय. भारतातील चित्रपट-व्यवसायाची पाहणी करण्यासाठी टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे (१९२७–२८) कलकत्त्याच्या मदन कंपनीच्या वितरण व प्रदर्शन क्षेत्रांतील वर्चस्वाबद्दल अनेक साक्षीदारांनी तक्रारी केल्या होत्या. बोलपटाच्या आगमनानंतर मुंबईत ‘मोशन पिक्चर सोसायटी ऑफ इंडिया’ (१९३२) व ‘इंडियन मोशन पिक्चर प्रोड्यूसर्स असोसिएशन’ (१९३७) या संस्था निघाल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस वितरकांचीही स्वतंत्र संघटना झाली. भारतात वितरण प्रादेशिक हक्कांच्या पद्धतीने होत असल्याने येथील संघटनाही बहुधा प्रादेशिक राहिल्या. खानदेश-विदर्भापासून मध्य प्रदेश व राजस्थानपर्यंतच्या विस्तृत क्षेत्रातील ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’चे मुख्य कार्यालय भुसावळ येथे आहे.

प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची संघटनेकडे नोंदणी, थकबाकीदार निर्मात्याच्या पुढील चित्रपटावर रोख आणि नियम मोडणाऱ्याशी असहकार, ही या संघटनांची नेहमीची साधने होती. न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या वसुलीपेक्षा लहान वितरकास ती अधिक उपयोगी पडत. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाखाली मात्र त्यांची वैधता प्रश्नास्पद ठरली. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१२ मध्ये अशा अनेक प्रादेशिक संघटनांचे सक्तीच्या नोंदणीचे व बहिष्काराचे नियम स्पर्धाविरोधी असल्याचा निर्णय देऊन त्यांना दंड केला.